सुगी झाली, दिवस लहान झाले, आता कोंबड्या सांभाळा

मंडळी, सोयाबीन-बाजरी घरात आली, भात झोडून झालं, उसाला तोड लागली की गावात एक तक्रार हमखास सुरू होते, कोंबडी गेली. कुणाची अंड्यावर आलेली तलंग गेली, कुणाच्या कोंबडीमागची पिल्लं रोज एकेक कमी होतायत, कुणाचा तर चांगला तीन किलोचा कोंबडाच गायब. आणि सगळं खापर घारीवर नाहीतर शेजारच्या कुत्र्यावर. घार दिसते म्हणून तिचं नाव येतं एवढंच, बाकीचे चोर दिसत नाहीत.

याच दिवसांत असं का होतं ते बघा. चार महिने पीक उभं होतं तोवर मुंगूस, रानमांजर, कोल्हा ह्यांना रानातच उंदीर, बेडूक, खेकडे, टोळ भरपूर होते आणि लपायलाही जागा होती. पीक निघालं की आडोसाही गेला आणि खाणंही आटलं, मग ही मंडळी ओढ्याच्या कडेनं, कुंपणाच्या घाणेरीतून, कडब्याच्या गंजीच्या आडून घराकडं सरकतात, आणि आपल्या कोंबड्या नेमक्या त्याच वेळी मोकळ्या रानात सांडलेले दाणे टिपायला लांब लांब जायला लागतात, म्हणजे दोघांची गाठ बांधावरच पडणार. ज्यांच्याकडं तूर, कपाशी अजून उभी आहे त्यांनी तर त्या बाजूला जास्त लक्ष ठेवा, कारण आसपासचं सगळं रान उघडं झाल्यावर जनावर त्याच एका पट्ट्यात बसतं.

दुसरी गोष्ट अंधाराची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कोंबड्या ह्याच्यापायी जातात. जूनमध्ये पुण्याकडं दिवस सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबर संपताना सहाच्या आतच मावळतो. नागपूर-गडचिरोलीकडं तर साडेपाचलाच. पण आपली सवय बदलत नाही ना, धार काढून झाली, दूध डेअरीला घालून आलो, मग सात वाजता खुराड्याचं दार लावायचं. म्हणजे तासभर अंधारात दार उघडं. रानमांजराला, कोल्ह्याला एवढा वेळ खूप झाला. त्यामुळं दार घड्याळावर नाही, सूर्यावर लावा. पाखरं झाडावर परतायला लागली की आपलं दार लागलं पाहिजे, धार नंतर काढली तरी म्हैस काही बोलत नाही.

कोंबड्या वेळेत आत याव्यात म्हणून रोज एकाच जागी, एकाच आवाजात बोलवून मूठभर दाणे टाकायचे, तेही खुराड्याच्या आत. बाहेर अंगणात टाकले तर खाऊन परत उकिरड्यावर जातात. आठ-दहा दिवसांत सवय लागते. दाणे टिपताना मोजू नका, त्या हलत राहतात आणि चुकतं, आडव्या बांबूवर बसल्या की टॉर्च मारून मोजा. एखादी कमी निघाली तर लगेच शोधा, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती जिथं असेल तिथंच मुकाट बसून राहते आणि बऱ्याचदा गोठ्याच्या मागं नाहीतर शेणीच्या ढिगाआड सापडते. सकाळी शोधायला गेलात तर पिसं सापडतील.

काही जणांच्या कोंबड्या आंब्यावर, शेवग्यावर झोपतात आणि ते म्हणतात झाडावर काय होतंय. कुत्र्यापासून वाचतात, खरंय. पण कोकणात कांडेचोर म्हणतात ते उदमांजर रात्रीच झाडावर फिरतं, रानमांजरही चढतं, मोठं शृंगी घुबडही असतं. झाडावरची सवय मोडायची असेल तर अंधार पडल्यावर शिडी लावून उतरवा आणि आत बांबूवर बसवा, तीन-चार रात्री कंटाळा न करता केलं की जमतं.

आता चोर कोण ते ओळखायला शिका, कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे आणि चुकीच्या चोरामागं पैसे घालून उपयोग नाही. मुंगूस दिवसा फिरतं, रात्री नाही. रात्री बंद खुराड्यात कोंबडी मेली तर मुंगसाचं नाव घेऊ नका. त्याचं काम म्हणजे भर दुपारी, मान नाहीतर डोकं फोडलेलं, धड तिथंच पडलेलं, आणि आत घुसायला मिळालं तर एकावर थांबत नाही. कुत्र्यांचं वेगळं, जाळी ओरबाडलेली, पाच-सहा मारून इकडंतिकडं टाकलेल्या, खाल्लेल्या फार नाहीत. रानमांजर आणि कोल्हा एक उचलून घेऊन जातात, पिसांचा माग बांधापर्यंत, नाहीतर उसापर्यंत जातो. पिसं हातात घेऊन बघा. देठ चावून तुटलेले आणि पिसांचे ओले पुंजके असतील तर जनावर, पिसं अख्खी उपटून एकाच जागी ढीग असेल तर शिकारी पक्षी. अंडी टरफलासकट गायब आणि आजूबाजूला काहीच खूण नाही तर साप, आणि कधी कधी डोक्यापासून खांद्यापर्यंत ओलं, चिकट झालेलं मेलेलं पिल्लू सापडतं, तो सापानं गिळायला घेतलेला आणि न जमल्यामुळं सोडलेला घास. पिल्लाचे पाय कुरतडलेत, नाहीतर पिल्लू कोपऱ्यातल्या बिळात अर्धं ओढलंय, तर घूस.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. हिवाळ्याच्या तोंडावर मानमोडी येते, म्हणजे रानीखेत. आजारी कोंबडी दिवसभर पंख पाडून एकीकडं बसते, संध्याकाळी आत येत नाही आणि मग कुणीतरी उचलतं. रोज एकेक जायला लागली आणि राहिलेल्यांत दोन-चार मलूल दिसल्या तर जाळी बदलायच्या आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पिल्लांना ५ ते ७ दिवसांत लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस चुकवू नका. आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात भिरकावायची नाही, चांगला दोन-तीन फुटांचा खड्डा, वर चुना, वर माती आणि मातीवर दगड. उघड्यावर फेकलेल्या एका कोंबडीनं रोगही पसरतो आणि कुत्र्या-कोल्ह्याला तुमच्या दाराचा पत्ताही मिळतो.

खुराड्याचं म्हणाल तर लोक वरून छान पत्रा टाकतात, दाराला कुलूप लावतात आणि खालची एक फूट तशीच सोडतात, जिथून सगळे येतात. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी ही कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. दातानं ओढली की उसवत जाते. सगळीकडं बदलायची गरज नाही, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंत अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी लावा, वर जुनी जाळी राहू द्या. एक इंची चौकोनातून छोटा साप आणि उंदीर आरामात येतो, म्हणून अर्धा इंच. ही जाळी जमिनीवर टेकवून सोडायची नाही, फूटभर खाली गाडा आणि तळाला बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवा. उकरणारं जनावर भिंतीलगत उकरतं, खाली आडवी जाळी लागली की सोडून देतं, मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. जमीन मुरमाड आहे आणि खोदणं होत नाही तर तीच फूटभर जाळी जमिनीवर बाहेर पसरून वर मोठे दगड ठेवा, चालतं.

कौलारू खुराडं असेल तर वर चढून सरकलेली कौलं बघा, उदमांजर तिथूनच उतरतं. दाराला सुतळी नको, कडी-कोयंडा पाहिजे, आणि दाराखालची फट दोन बोटांची असेल तर पट्टी मारा. आत बसायचा बांबू भिंतीपासून हात-दीड हात लांब असावा, जाळीला चिकटून झोपलेल्या कोंबडीचा पाय बाहेरून धरून ओढतात. एका कोंबडीला साधारण एक ते दीड चौरस फूट जागा धरा, कोंबून भरलं की कडेच्या कोंबड्या जाळीवरच दाबल्या जातात.

कडब्याची गंजी, सरपण, जुन्या विटा, हे खुराड्याला टेकून ठेवलेलं असतं बहुतेकांचं, कारण जागा तेवढीच असते. पण तिथं उंदीर होतात, उंदरामागं नाग-धामण येते, आणि मग आपण म्हणतो कोंबड्यांमुळं साप आला. निदान दहा-पंधरा फूट तरी लांब न्या. खाद्य रात्री उघडं ठेवू नका, अंडी संध्याकाळपर्यंत उचललीच पाहिजेत, दोनदा उचलली तर उत्तम. अंडी काढताना आधी टॉर्च, मग हात, ही सवय घरातल्या पोराटोरांनाही लावा.

पिल्लांचं प्रकरण वेगळं आहे. उन्हाळ्यात अंडी खराब होतात म्हणून आपल्याकडं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी थंडीच्या दिवसांतच बसवतात, २१ दिवसांनी पिल्लं निघतात, आणि घारीची वीणही थंडीतच सुरू होते. तिच्या घरट्यात खाणारी तोंडं आणि आपल्या अंगणात चिवचिवणारी पिल्लं एकाच मोसमात. पहिले सहा-आठ आठवडे सगळ्यात वाईट. दोन-तीन आठवडे तरी आईला पिल्लांसकट डालग्याखालीच ठेवा, जागा रोज हलवा, वर दगड ठेवा. नंतर सोडताना उघड्या खळ्यावर नको, केळी, पपई, शेवगा, वेलाचा मांडव अशा सावलीत, घारीला झेप घ्यायला सरळ रस्ता मिळत नाही. शिकरा हा छोटा शिकारी पक्षी मात्र झाडातूनच येतो, त्याला सावलीचं काही नाही, त्याच्यासाठी छोटं आवार करून वर जाळी टाकणं हाच उपाय. किनाऱ्याकडच्या लोकांना मासेमारीची जुनी जाळी स्वस्तात मिळते, ती वर ताणून बांधायला उत्तम, फक्त जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, नायलॉनच्या जाळीत साप अडकतो आणि मग सोडवायला सर्पमित्राला फोन करत बसावं लागतं. चमकणाऱ्या सीडी, पट्ट्या, बुजगावणं हे आठवडाभर चालतं, जागा बदलत राहिलात तर जरा जास्त. रात्रीच्या लुकलुकत्या सोलर लाईटचंही तेच.

हॅचरीतून पिल्लं आणणाऱ्यांनी हे नीट वाचा. आईशिवाय वाढलेल्या पिल्लाला घार काय, धोक्याची हाक काय, काही माहीत नसतं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा ही जात आपल्याकडं बरीच चालते, रंगीत असते आणि पाय लांब असल्यामुळं पळायलाही बरी, तरी तिलाही शिकवावं लागतं. दीड-दोन महिन्यांची झाली की आधी आठवडाभर नव्या खुराड्यातच कोंडा, घर ओळखीचं होऊ द्या, मग पहिले काही दिवस फक्त दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा, म्हणजे लांब जात नाहीत आणि भूक लागली की परत येतात. दोन-चार गावठी कोंबड्या आणि एक जाणता कोंबडा बरोबर सोडला तर अजून चांगलं, कोंबडा आभाळाकडं मान तिरकी करून एक लांब हाक देतो आणि सगळ्या झुडपाखाली, बघण्यासारखं असतं ते. दहा-बारा माद्यांमागं एक नर पुरतो. पांढरी पाखरं मोकळ्यावर सोडू नका, लांबून दिसतात.

कुत्रा पाळायचा तर पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढलेला. मोठा आणून बांधला की पहिला चोर तोच.

आणि कृपा करून फास लावू नका, मेलेल्या कोंबडीत थिमेट हे जहाल कीटकनाशक घालून बांधावर ठेवू नका. थिमेटवर डिसेंबर २०२० अखेरपासून देशात बंदीच आहे. ते खाऊन आधी गावची कुत्री मरतात, मग मोर, आणि लहान पोरानं हात लावला तर काय. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, नाग, धामण, घार सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, मारलं तर केस होते. शिवाय मुंगूस आणि धामण मारून टाकलीत की पुढं गव्हा-हरभऱ्यात उंदीर किती होतात ते तुम्हीच मोजाल.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर ह्या उसाच्या पट्ट्यातल्यांसाठी शेवटचं. तोड चालू असताना बिबट्या एका फडातून दुसऱ्या फडात हलतो, आणि त्याच्यासमोर वेल्डमेश वगैरे काही टिकत नाही. तिथं खुराडं घराच्या भिंतीला लागून, विटांचं, वरून पक्कं, आणि फडापासून जेवढं लांब जमेल तेवढं. रात्री कोंबड्या ओरडल्या म्हणून एकट्यानं बॅटरी घेऊन बाहेर धावायचं नाही, पोरांना तर मुळीच पाठवायचं नाही, आतूनच लाईट लावा, भांडी वाजवा, शेजाऱ्यांना फोन करा. सकाळी मोठे ठसे दिसले तर त्यावर पाटी उलटी घालून ठेवा म्हणजे पुसत नाहीत, आणि वनविभागाच्या १९२६ ह्या नंबरवर कळवा, फोन फुकट लागतो.