विश्वासूपणात वाढायचं कसं? आधी होकार कमी करा

प्रार्थनासभेत विनंत्या विचारल्या की हात भराभर वर होतात. कोणाला नोकरी हवी, कोणाच्या पोराचं दहावीचं वर्ष, कोणाची शुगर वाढलेली, कोणाच्या मुलीचं स्थळ जमत नाहीये. "मला विश्वासू राहता यावं म्हणून प्रार्थना करा" असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. खरं तर बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याच्या फळाचे जे नऊ गुण दिलेत त्यात विश्वासूपणा सातवा आहे, पण संदेश देणारे पाळक प्रीती, आनंद, शांती करत करत सहनशीलतेपर्यंत येतात तोवर घड्याळात साडेअकरा झालेले असतात आणि मागच्या बाकावरची पोरं चुळबुळ करायला लागलेली असतात, त्यामुळे सातव्याला दोन मिनिटं मिळतात.

म्हणून इथे जरा निवांत बघू. आधीच सांगतो, माझं मत असं की आपल्यातले बहुतेक जण बेईमान वगैरे नसतात, आपण नको तितके होकार देऊन ठेवलेले असतात आणि मग एकही धड पाळता येत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्यात.

पायरी १: सुरुवात स्वतःपासून करू नका

हे उलटं वाटेल. पण "आजपासून मी एकदम विश्वासू होणार" असा निश्चय करून सुरू केलेलं साधारण बुधवारपर्यंत टिकतं. बायबलमध्ये हा गुण आधी देवाचा आहे, मग आपला. विलापगीताचा ३रा अध्याय काढून वाचा. इ.स.पू. ५८६ च्या आसपास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोक उपासमारीने मेले, आणि त्या राखेत बसून लिहिणारा माणूस म्हणतोय की देवाची दया रोज सकाळी नवी होते. कॉफी मगवर छापलेलं हे वचन आपण वाचतो तेव्हा हे सगळं आठवत नाही. त्याच्या आधीच्या वीस ओव्या वाचल्या तर कळतं की हा माणूस देवावर चिडलेला पण आहे आणि तरी त्याला सोडत नाहीये.

दुसरं वचन २ तीमथ्य २:१३. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. मला हे वचन घाबरवतं पण आणि धीर पण देतं.

करायचं काय? एक वही घ्या, मोबाईलमधली नोट पण चालेल. मागच्या वर्षभरात कुठे कुठे देवाने सांभाळलं ते लिहा, मोठे चमत्कारच हवेत असं काही नाही, हॉस्पिटलच्या बिलाचं कसंतरी जमलं, भांडलेला भाऊ परत बोलायला लागला, एवढं पुरे. घाईत एका बैठकीत उरकू नका, आठवडाभर रोज एखादी ओळ लिहा.

पायरी २: दिलेले शब्द मोजा

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग आहे. सध्या तुम्ही कोणाकोणाला काय काय म्हणून बसलाय त्याची यादी करा. संडे स्कूलचा वर्ग, क्वायरची प्रॅक्टिस, तरुण संघाची कमिटी, सोसायटीचा खजिनदार, मेव्हण्याला दिलेलं उसने पैशांचं आश्वासन, आईला "या रविवारी नक्की येतो" म्हटलेलं, ऑफिसातल्या ज्युनियरला "तुझं प्रमोशनचं बघतो" म्हटलेलं, सगळं. यादी बहुतेकांची एका पानात मावत नाही.

येशूने मत्तय ५:३७ मध्ये होय तर होय आणि नाही तर नाही म्हणा असं सांगितलं. आपल्याकडे या दोघांच्या मध्ये एक अख्खा प्रदेश आहे, "बघतो", "करू की", "प्रभूची इच्छा असली तर". शेवटचं तर फार वाईट, कारण आपल्याला यायचं नसतं आणि नाव प्रभूचं लागतं.

यादी झाली की तीन खुणा करा. जे पाळायचंच आहे ते. जे पाळणं आता शक्य नाही, तिथे आज फोन करून सांगायचं, मेसेज नाही, फोन. आणि जे मुळात आपलं कामच नव्हतं, फक्त नाही म्हणायची लाज वाटली म्हणून घेतलं, ते सोडायचं कसं ते शेवटी बघू. स्तोत्र १५ मध्ये देवाच्या डोंगरावर कोण राहील याचं वर्णन आहे, त्यात एक ओळ अशी की तो शपथ वाहतो आणि तोटा झाला तरी फिरत नाही. तोटा होणार हे गृहीत धरलंय तिथे. म्हणून शब्द देतानाच जपून द्यावा.

एक खास गोष्ट, "प्रेयर मध्ये ठेवतो". व्हॉट्सअपवर हात जोडलेला इमोजी टाकला की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. सवय अशी लावा की मेसेज वाचला की तिथेच, बसमध्ये असाल तर बसमध्ये, त्या माणसाचं नाव घेऊन अर्धा मिनिट प्रार्थना करायची आणि मगच उत्तर टाकायचं. प्रार्थना केली नसेल तर इमोजी टाकू नका. एवढं एक जरी पाळलं तरी फरक दिसतो.

पायरी ३: एक छोटी गोष्ट, ठरलेली वेळ

दानीएलाचा ६वा अध्याय म्हटलं की सिंहांची गुहा आठवते. पण त्याच्या आधीचा भाग जास्त उपयोगाचा आहे. दारयावेश राजाच्या राज्यात दानीएल मोठ्या हुद्द्यावर, जळणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, मिळाली नाही, कारण तो विश्वासू होता. म्हणजे फायली क्लिअर होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की याला पकडायचं तर देवाच्या बाबतीतच पकडावं लागेल. आणि हुकूम निघाल्यावर दानीएलाने काही नवीन केलं नाही, यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी, दिवसातून तीन वेळा प्रार्थना, नेहमीसारखं. सवय आधीच होती म्हणून संकटात विचार करत बसावं लागलं नाही.

आपल्याकडे हे दोन कप्पे वेगळे असतात. उपवास प्रार्थना अगदी वेळेवर आणि टॅक्सीचं बिल मात्र वाढवून लावलेलं, किंवा उलट, ऑफिसात एकदम चोख आणि घरी बायबलवर धूळ. त्यामुळे छोटी गोष्ट निवडताना दोन निवडा, एक देवाबरोबरची आणि एक माणसांबरोबरची. उदाहरणार्थ सकाळी एक अध्याय वाचायचा, आणि ऑफिसच्या मीटिंगला ठरल्या वेळेला पोचायचं. बस. उपवासकाळाचे ४० दिवस यासाठी बरे पडतात, आजूबाजूचे पण काहीतरी पाळत असतात.

रात्री झोपण्याआधी थोडं मागे वळून बघणं पण जोडा. कॅथलिक लोकांना हे माहीत असतं, इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली आणि त्यांच्या संघातले जेझुइट लोक आजही ती पाळतात. तुम्ही प्रोटेस्टंट असाल, मेथडिस्ट असा नाहीतर सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तरी वापरायला हरकत काय? आज कशाबद्दल उपकार मानायचे, आज शब्द कुठे मोडला, उद्या त्याचं काय करायचं, एवढे प्रश्न. पण स्वतःला झोडपत बसू नका, तो त्याचा उद्देश नाही.

पायरी ४: पैसा

लूक १६ मध्ये येशू लहानशा गोष्टीत विश्वासू असणाऱ्याबद्दल बोलतो आणि लगेच पैशावर येतो. मला वाटतं तो उगाच येत नाही.

मंडळीचा पैसा हाताळत असाल तर २ करिंथ ८:१६ पासून पुढे वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमा होत होती, आणि पौल म्हणतो की एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून आम्ही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं पाठवतोय, प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच नाही तर माणसांच्या दृष्टीने पण योग्य ते करतोय. प्रत्यक्ष पौल! आणि आपल्याकडे "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून हिशोब मागणाऱ्यावरच लोक रुसतात.

तर नियम साधे ठेवा: दान दोघांनी मिळून मोजायचं, पावती त्याच दिवशी फाडायची, मंडळीचे पैसे स्वतःच्या गुगल पे वर घ्यायचे नाहीत, आणि वर्षातून एकदा हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा. घरात पण तेच, नवऱ्याला किंवा बायकोला माहीत नसलेलं कर्ज ठेवू नका.

पायरी ५: नात्यांत, म्हणजे रोज

"तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव" हे बायबलमधल्या रूथचं वाक्य लग्नात वाचतात, पण ते तिने नवऱ्याला म्हटलेलं नाहीये, सासूला म्हटलंय, नवरा तर वारला होता. मवाब देशातली परकी बाई, सासू नामीने माहेरी जा म्हटलं, जाऊ अर्पा रडत माघारी गेली (तिला वाईट म्हणायचं काही कारण नाही, सासूनेच पाठवलं तिला). रूथची प्रतिज्ञा जेमतेम दोन ओव्यांत संपते. त्याच्यानंतर अख्खा दुसरा अध्याय ती उन्हात दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचते, सातूचा हंगाम संपून गव्हाचा संपेपर्यंत, आणि संध्याकाळी धान्य झोडून सासूला नेऊन देते. मला रूथ तिथे जास्त कळते.

आपल्या मराठीतलं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याजवळ आल्या पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, स्वतःची खात्री पटल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केलं. नवऱ्याशी पटत नसताना पण नातं धरून ठेवलं आणि तरी स्वतःचं डोकं गहाण टाकलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पायरी ६: हट्टाला विश्वासूपणा समजू नका

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला आले, पहिला बाप्तिस्मा द्यायला डिसेंबर १८०० उजाडला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचं काम केलं, १८०५ मध्ये व्याकरण, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरहून मराठी नवा करार. मार्च १८१२ मध्ये छापखाना जळाला, कितीतरी भाषांतली हस्तलिखितं गेली, पुन्हा सुरू केलं. १८३४ मध्ये इथेच वारले, इंग्लंडला परत गेलेच नाहीत. संदेशात हे हमखास सांगतात.

पण त्यांच्या पत्नी डोरोथी यांचं नाव निघत नाही. त्यांना यायचं नव्हतं, शेवटी मनाविरुद्ध आल्या, १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला, त्यानंतर त्यांचं मानसिक संतुलन गेलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत परत आलं नाही. केरींना खलनायक करायचं नाहीये, त्या काळात या आजारावर उपचार नव्हते आणि त्यांनी बायकोला सोडलंही नाही. तरी मला विचारावंसं वाटतं, की सेवेतल्या चिकाटीचं बिल घरातलं दुसरंच कोणी भरतंय का? हा प्रश्न घरी जेवताना विचारून बघा आणि उत्तर येईल ते ऐकून घ्या.

अजून एक, आणि हे ठासून सांगतो. नवरा मारतोय आणि मंडळीतल्या मावश्या सांगतात "सहन कर, विश्वासू राहा", हे चूक आहे. सुरक्षित जागी जाणं म्हणजे लग्नाची शपथ मोडणं नाही, शपथ मारणाऱ्याने मोडली. महिला हेल्पलाईन १८१ आहे, फोन करा. तसंच पुढाऱ्याचं पाप झाकणं म्हणजे मंडळीशी निष्ठा नव्हे, नाथान संदेष्टा दावीद राजाच्या तोंडावर "तो माणूस तूच" म्हणाला, राजाशी विश्वासू होता म्हणूनच म्हणाला.

पायरी ७: मोडलं तर

मोडणार. येशूचा शिष्य पेत्र याने आपण येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं आणि योहान २१ मध्ये येशूने त्याला "माझ्यावर प्रीती करतोस का" असं तीनदाच विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं, मेंढरं सांभाळ.

योहान मार्कची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर पहिल्या प्रवासाला गेला असताना पिर्गा गावाहून तो सरळ घरी निघून गेला. पुढच्या वेळी बर्णबा त्याला न्यायचं म्हणाला, पौल नाही म्हणाला, त्यावरून दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबाने त्याला बरोबर घेतलं. आणि शेवटी तुरुंगातून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मध्ये वर्षं गेली. म्हणजे गमावलेला भरवसा परत मिळतो पण माफी मागितल्या मागितल्या दुसऱ्या दिवशी मिळत नाही, तशी अपेक्षा पण ठेवू नका. शब्द मोडला असेल तर कारणं न देता कबूल करा, नुकसान झालं असेल तर भरून द्या, आणि आधीपेक्षा लहान काम मागून घ्या. आणि तुमच्या ओळखीत कोणी मार्क असेल तर त्याचा बर्णबा व्हा.

पायरी ८: सोडायचं तर नीट सोडा

पायरी २ मधली तिसरी खूण आता. जबाबदारी सोडणं म्हणजे पाप नाही, गायब होणं वाईट. हल्ली लोक मीटिंगला येणं बंद करतात, मेसेजला निळी टिक येते आणि उत्तर नाही, मग सहा महिन्यांनी सगळ्यांना कळतं की यांनी काम सोडलं. त्यापेक्षा तारीख सांगा, "ईस्टरनंतर मी संडे स्कूल घेणार नाही". त्या तारखेपर्यंत एकही रविवार चुकवू नका, मनात काम सोडलेलं असलं तरी. नवीन माणूस शोधायला मदत करा, त्याच्याबरोबर दोन-तीन रविवार बसा, कोणत्या पोराला वाचता येत नाही आणि कोणाच्या घरी सध्या अडचण आहे ते सांगा. हजेरीची वही, कपाटाची चावी, उरलेली शिल्लक पावत्यांसकट आणि व्हॉट्सअप ग्रुपची अ‍ॅडमिनशिप, सगळं त्याच्या हातात द्या, आणि मग त्याने फळ्यावरची चित्रं बदलली तरी काही बोलू नका.