मुलांचं लोकेशन बघायचंय? मग आधी त्यांच्याशी बसून ठरवा

मुलगी अकरावीला गेली, ठाण्याहून वाशीला क्लास लागला, आणि पहिल्याच आठवड्यात ती अंघोळीला गेलेली असताना मी तिच्या फोनवरून गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग माझ्या नावाने गुपचूप चालू करून ठेवलं. दोन मिनिटांचं काम. मग रोज दुपारी ऑफिसात बसून तिचा फोटो असलेला तो छोटा गोल ऐरोली, रबाळे, घणसोली असा सरकताना बघत बसायचे. एके दिवशी चार वाजता तो गोल वाशीला नाही, इथेच ठाण्यात तलावपाळीला दिसला. मी वागळे इस्टेटमधून रिक्षा पकडून तिथे पोचले तर ही बाकावर मैत्रिणीचा हात धरून बसलेली, त्या मुलीच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि ती ढसाढसा रडत होती, आणि मी तिच्यासमोरच विचारलं, क्लास सोडून इथे काय करतेस? माझी मुलगी एवढंच म्हणाली, "आई, तुला कसं कळलं मी इथे आहे?"

त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिचा फोन मैत्रिणीच्या बॅगेतून वेळेवर क्लासला जायचा आणि वेळेवर परत यायचा. फोन. ती कुठे असायची ते मला आजही माहीत नाही.

म्हणून हे लिहितेय. लोकेशन बघूच नका असं माझं म्हणणं नाही, संध्याकाळी सातच्या गर्दीत पोरगी ठाणे स्टेशनला उतरणार असेल तर काळजी वाटतेच. पण ते मुलांना माहीत असताना, त्यांच्या हाताने चालू झालेलं असलं पाहिजे. चोरून बघितलेलं एक ना एक दिवस कळतंच, आणि मग गोल दिसतो, मूल दिसत नाही.

बोलायला वेळ निवडा. उशिरा आल्यावर दारातच विषय काढू नका, ती शिक्षा वाटते. आम्ही रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. आधी मी माफी मागितली, चोरून केलं ते चुकलं असं सरळ सांगितलं, आणि मग कशाची भीती वाटते ते नेमकं सांगितलं. "जग वाईट आहे" असं मोघम बोललं की मुलं ऐकणं बंद करतात, "रात्री साडेआठनंतर फोन लागला नाही की माझ्या पोटात गोळा येतो" हे त्यांना समजतं.

मग नियम, आणि ते दोन्ही बाजूंनी. आमचे असे ठरले की ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला आणि दोन फोन उचलले नाहीत तरच मी मॅप उघडायचा, आणि उघडला तर घरी आल्यावर तिला सांगायचं. माझं आणि तिच्या बाबांचं लोकेशनही तिला दिसणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅपवर दिसलेलं भांडणात पुरावा म्हणून वापरायचं नाही. हा नियम मला सगळ्यात जड गेला. जागा कळते, तिथे का गेली ते कळत नाही, ते तिलाच विचारावं लागतं.

आता प्रत्यक्ष सेटिंग. मुलाच्या फोनवर, मुलानेच, गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करून लोकेशन शेअरिंगमध्ये जायचं, किती वेळ ते निवडायचं आणि तुमचं नाव निवडायचं. आयफोन असतील तर त्यातलं फाइंड माय अ‍ॅप आहेच. रोज नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन बेस्ट, पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, वेळ संपली की आपोआप बंद. यायच्या वाटेवर एक तास, बस. बऱ्याच घरांना एवढं पुरतं असं माझं मत आहे.

मॅपवर नावाबरोबर किती वेळापूर्वीचं लोकेशन आहे ते दिसतं, ते आधी वाचा. एकदा तिचा गोल विटाव्याजवळ खाडीतच वीस मिनिटं थांबलेला दिसला आणि माझे हातपाय गार पडले, नंतर कळलं की चार्जिंग संपत आलं म्हणून फोन बॅटरी सेव्हरवर गेला होता आणि मी जुनंच लोकेशन बघत होते. पॉवर बँक घेऊन द्या, खरंच, अर्धी काळजी तिथे संपते.

मुलांचे मेसेज चोरून वाचणारी छुपी अ‍ॅप्स मात्र नकोच. अशी अ‍ॅप्स बरेचदा प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायला लावतात, फोनची सुरक्षा बंद करायला सांगतात, आणि तुमच्या मुलीचे फोटो, चॅट कुठल्या अनोळखी सर्व्हरवर जातात ते तुम्हाला कधी कळणार नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला कंपन्यांनी पालकांची परवानगी घ्यायची अशी तरतूद आहे. म्हणजे मुलांची माहिती जपायची जबाबदारी आपली आहे, तीच उचलून भलत्याला कशी देणार?

फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्या आणि एक-दोन पाठही करून घ्या: 112 इमर्जन्सी, 139 रेल्वे, 1098 चाइल्डलाइन, 1930 ऑनलाइन फसवणूक. आणि एक शब्द ठरवा. आमचा "डबा" आहे. फोनवर ती "आई, डबा विसरले" म्हणाली की मी काही न विचारता निघायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न नाही, जे काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

दर तीन महिन्यांनी परत बसा, नियम सैल करता येतात का बघा. मध्येच लोकेशन बंद दिसलं तर फोन काढून घेऊ नका, विचारा. तिने मागच्या महिन्यात एक पूर्ण शनिवार बंद ठेवलं होतं, आदल्या रात्री सांगून, "उद्या येऊरच्या डोंगरावर जाणार आहे, मला कोणी बघायला नकोय." मी बरं म्हटलं. संध्याकाळी सहाला तिचाच फोन आला, उपवनला उतरलोय, भूक लागलीय.