ऑफिसात प्रिंटर किती आणि केवढे असावेत, हे कसे ठरवावे

प्रिंटिंगचा खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो केबिनमधले छोटे प्रिंटर उचलण्याचा, आणि दुसरा मिळतो तो सर्वांसाठी मिळून एकच मोठे मशीन आणण्याचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी हे दोन्ही एकाच महिन्यात केले होते आणि दोन्ही चुकले. त्यानंतर पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसे आणि सूत व्यापाऱ्यांच्या पेढ्या अशा अनेक ठिकाणी हे काम करताना एक गोष्ट पक्की झाली: कोणत्या कामाची किती पाने कोणत्या मशीनवर निघतात, हे मोजल्याशिवाय एकही प्रिंटर हलवू नये.

सुरुवातीला प्रत्येक मशीनचे मॉडेल, त्याला लागणारे कार्ट्रिज आणि ते ठेवलेली जागा यांची यादी करावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे.

पुढची पायरी मोजणीची, आणि सगळी गफलत इथेच होते. प्रत्येक लेझर प्रिंटर स्वतःच्या पानांची मोजणी ठेवतो. मशीनच्या मेनूमधून किंवा संगणकावरील ड्रायव्हरमधून कॉन्फिगरेशन रिपोर्ट छापला की तो आकडा दिसतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तो लिहून ठेवावा व वजाबाकी करावी. ‘आम्हाला महिन्याला दहाएक रीम कागद लागतो’ या अंदाजावर विसंबू नये, कारण त्या कागदातला काही भाग हाताने लिहिण्यात आणि पॅकिंगवर चिकटवण्यात जातो. ऑल-इन-वन मशीनवर काढलेल्या झेरॉक्सही त्याच आकड्यात येतात हे ध्यानात ठेवावे, आणि मेन बोर्ड बदललेल्या मशीनच्या एकूण आकड्यावर भरवसा ठेवू नये.

महिना कोणता निवडावा, यावरही उत्तर बदलते. गड्ड्याच्या यात्रेचा जानेवारी किंवा दिवाळीचा आठवडा धरला तर आकडा खोटा कमी येतो, आणि फक्त मार्चअखेर धरली तर खोटा जास्त येतो. कर सल्लागाराच्या ऑफिसात महिन्याच्या आतही असाच चढउतार असतो, कारण जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बीची २० तारखेची असल्याने निम्मे छपाईकाम त्या दिवसांत दाटते. म्हणून महिन्याच्या बेरजेबरोबर सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आकडा वेगळा नोंदवावा.

यानंतर ती पाने कामानुसार वेगळी करावीत. ही फोड मी पहिल्या खेपेस केली नव्हती, आणि माझी चूक नेमकी तिथे झाली. त्या ऑफिसात सात छोटे लेझर प्रिंटर होते आणि महिन्याला एकूण ६,२०० पाने निघत होती. नंतर फोड केली तेव्हा दिसले की दिवसाला सुमारे ३० बिले, मालाच्या प्रत्येक बिलाच्या नियमाप्रमाणे तीन प्रती, म्हणजे २५ दिवसांत २,२५० पाने. माल वाहनाने नेताना लागणाऱ्या ई-वे बिलांची ७५०. निर्यातीच्या कागदपत्रांची १,४००. खातेउतारे आणि अहवाल यांची १,१६०. आणि चार केबिन प्रिंटरांची सर्व मिळून फक्त ६४०.

आता पानाचा खर्च काढू. समजा, छोट्या मशीनचे कार्ट्रिज ३,००० रुपयांना मिळते आणि १,५०० पाने देते, तर पानाला २ रुपये पडले. मध्यम मशीनचा टोनर (लेझरची भुकटी शाई) ४,५०० रुपयांचा व ६,००० पानांचा, आणि वेगळा ड्रम (टोनर कागदावर उमटवणारा दंडगोल) ६,००० रुपयांचा व ३०,००० पानांचा असेल, तर ७५ पैसे अधिक २० पैसे, म्हणजे पानाला ९५ पैसे पडतात. दोन्हींतला फरक १ रुपया ५ पैशांचा. या हिशेबाने केबिनमधले चारही प्रिंटर काढून महिन्याला ६७२ रुपये वाचतात, तर बिलिंग, निर्यात आणि अकाउंट्सच्या टेबलांवर दिवसभर धावणाऱ्या तीन मशीनचे काम मध्यम मशीनवर नेले की ५,८३८ रुपये वाचतात. मी मात्र आधी केबिनवर हात टाकला, चार वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली आणि खरी गळती जिथे होती ती तीन मशीन तोवर तशीच चालू ठेवली. आपल्याकडील आकडे वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवावा: जे छोटे मशीन सर्वांत जास्त राबते, ते सर्वांत आधी बदलावे.

या हिशेबात कंपनीने छापलेला पानांचा आकडा आंधळेपणाने धरू नये. मोनो, म्हणजे फक्त काळ्या, टोनरची क्षमता आयएसओ १९७५२ या प्रमाणकानुसार मोजली जाते आणि त्यातील चाचणीचे पान साधारण ५ टक्के शाई व्यापणारे असते. आडव्या-उभ्या रेघांचे, लोगो असलेले बिल किंवा आधार कार्डाची गडद झेरॉक्स त्याहून बरीच जास्त शाई खाते. नव्या मशीनसोबत येणारे कार्ट्रिजही पुष्कळदा कमी भरलेले असते, त्यामुळे पहिल्या कार्ट्रिजवरून खर्चाचा निष्कर्ष काढू नये. आपल्या मशीनवरील मागील दोन कार्ट्रिज प्रत्यक्षात किती पाने टिकली, तोच आकडा खरा.

मशीनचा आकार ठरवताना ‘मासिक ड्यूटी सायकल’ या शब्दांनी माझी मोठी फसगत झाली. विक्रेत्याने ती संख्या दाखवली, मी आमच्या ६,२०० पानांशी ताडून पाहिली आणि समाधान मानले. ड्यूटी सायकल ही मशीन एखाद्या महिन्यात सोसू शकेल अशी कमाल मर्यादा असते. रोजच्या वापरासाठीचे शिफारस केलेले मासिक प्रमाण माहितीपत्रकात वेगळे दिलेले असते आणि ते बरेच खाली असते. आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत अजून दिसणाऱ्या एचपी एम१००५ची ड्यूटी सायकल ५,००० पानांची आहे. पण ती कमाल मर्यादा असल्याने त्यावर दरमहा ४,००० पाने काढत राहिल्यास पिकअप रोलर (कागद आत ओढणारा) आणि फ्युजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) यांचा खर्च मागे लागतो. शिफारशीचे प्रमाण मागून घ्यावे, आणि विक्रेता ते सांगत नसेल तर त्याच्याकडून मशीन घेऊ नये.

आता किती मशीन घ्यावीत? त्याच महिन्यात मी सर्वांसाठी मिळून एकच मोठे मशीन पहिल्या मजल्यावर बसवले. वेग उत्तम होता. मिनिटाला ३० पाने म्हणजे गर्दीच्या दिवसाची ७०० पाने २४ मिनिटांत. पण डिस्पॅच खाली होते, प्रत्येक बिलासाठी मुलगा जिना चढे, आणि कोणी २०० पानांचा खातेउतारा सोडला की त्याच्यामागे तीन पानी बिल अडकून बसे. पुढे फ्युजर गेला, पुण्याहून सुटा भाग येण्यास चार दिवस लागले, आणि भरलेल्या गाड्या फाटकात उभ्या असताना आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात रांग लावत होतो. त्या चार दिवसांनी वर्षभराची बचत खाल्ली. तेव्हापासून माझा ठाम आग्रह असा की एका मोठ्या मशीनऐवजी दोन मध्यम मशीन घ्यावीत, दोन्ही एकाच मॉडेलची घ्यावीत म्हणजे टोनर एकच साठवावा लागतो, आणि प्रत्येक मशीन एकट्याने अख्खा महिना निभावू शकेल एवढ्या क्षमतेचे असावे. केबिनमधले गुप्ततेचे काम असेल तर एक छोटा प्रिंटर खुशाल राहू द्यावा.

कार्बन प्रतीवर सही घ्यावी लागणारे चलन असेल, तर डॉट मॅट्रिक्स विकू नये. दाबाने छापणारे तेवढेच मशीन आहे, लेझर एका वेळी एकच प्रत काढतो.

जागा निवडताना सोलापूरकरांनी एक काळजी अधिक घ्यावी. लूम शेडला, म्हणजे यंत्रमागांच्या शेडला, लागून असलेल्या खोलीत सुताचे बारीक तंतू रोलरवर बसतात आणि कागद अडकू लागतो, म्हणून मशीन शेडच्या दारापासून दूर ठेवावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये. फ्युजर तापताना ओढला जाणारा करंट यूपीएसला झेपत नाही. शाईच्या टाकीचा (इंक टँक) प्रिंटर घेतलाच तर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आठवड्याला एक रंगीत पान काढावे, नाहीतर शाई सोडणारे हेड सुकते.

भाड्याचे, पानामागे दर आकारणारे मशीन घेताना किमान पानांची अट वाचावी. ६० पैसे दर आणि किमान १०,००० पाने असा करार असेल व आपण ६,२०० पाने काढत असू, तर ६,००० रुपये द्यावेच लागतात आणि पान प्रत्यक्षात ९७ पैशांना पडते. शिवाय कागद बहुधा आपलाच असतो.

दोन्ही बाजूंनी छपाईची सेटिंग सर्व संगणकांवर कायम करून ठेवावी, पण त्यात फक्त कागद वाचतो, टोनर नाही. टोनरही वाचवायचा असेल तर पानच काढू नये: वाहनासोबत ई-वे बिलाचा क्रमांक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असला तरी नियमाला चालतो, त्यामुळे ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून आम्ही ती ७५० पाने बंद केली.

तीन महिन्यांनी पुन्हा सर्व आकडे घ्यावेत. एका मशीनवर भार एकवटलेला दिसला तर संगणकांवरील डिफॉल्ट प्रिंटर बदलून तो वाटून द्यावा. काढलेली मशीन आणि रिकामी कार्ट्रिज भंगारवाल्याला देऊ नयेत, कारण १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर व कार्ट्रिज दोन्ही येतात. ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच सोपवावीत आणि त्याची पावती फाइलला लावावी.