स्पिन २ वर तपासून घ्या: सीएफटी आणि क्वांटम ग्रॅव्हिटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

क्वांटम फील्ड थिअरीचा एक धड कोर्स झालाय, जनरल रिलेटिव्हिटी जमते, ग्रुप थिअरीची भीती गेली आहे आणि आता पीएचडीला कॉन्फॉर्मल फील्ड थिअरी (सीएफटी, म्हणजे मोजपट्टी लहान-मोठी केली तरी तशीच राहणारी फील्ड थिअरी), सुपरसिमेट्री (बोसॉन आणि फर्मिऑन यांना जोडणारी सिमेट्री) नाहीतर क्वांटम ग्रॅव्हिटी यांतलं काहीतरी करायचं डोक्यात आहे, अशांसाठी हे लिहितेय.

आधी एक गैरसमज. हे तीन वेगळे विषय समजून त्यांतला एक निवडायच्या फंदात पडू नका. नोव्हेंबर १९९७ मध्ये माल्दासेनाचा पेपर आला आणि अँटी-डी सिटर (ॲडएस, म्हणजे सगळीकडे सारखीच ऋण वक्रता असलेल्या) अवकाशातलं गुरुत्व व त्या अवकाशाच्या सीमेवरची सीएफटी ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत, असं म्हणायची सोय झाली. त्यातली सर्वांत जास्त अभ्यासलेली सीएफटी म्हणजे चार मितींतली एन = ४ सुपर यांग-मिल्स (इथला एन म्हणजे सुपरसिमेट्री किती आहेत तो आकडा). तिथे सुपरसिमेट्री आलीच. कुठूनही सुरुवात केलीत तरी दोन-तीन वर्षांत उरलेले दोन विषय तुमच्या टेबलावर येतात.

तरी माझं मत विचाराल तर शिरायचं सीएफटीकडूनच. बेलाविन, पोल्याकोव्ह आणि झामोलोदचिकोव्ह यांनी १९८४ मध्ये द्विमितीय सीएफटीचं जे यंत्र उभं केलं, त्यातून आयसिंग मॉडेलच्या (चुंबकाच्या साध्या नमुन्याच्या) स्पिन ऑपरेटरची मिती (स्केलिंग डायमेन्शन, अवकाशाची मिती नव्हे) १/८ ही स्वतःच्या हाताने काढा. मग तीन मितींत या. तिथे असं नेटकं उत्तर नाही. तोच आकडा ०.५१८१४९ असा येतो, तोही लॅग्रांजियन न वापरता, फक्त सिमेट्री, युनिटॅरिटी आणि क्रॉसिंग (फोर-पॉइंट फंक्शनमधले ऑपरेटर कुठल्याही जोड्या लावून मोजले तरी उत्तर एकच, ही अट) यांच्या जोरावर. यालाच बूटस्ट्रॅप म्हणतात. संख्यात्मक बूटस्ट्रॅपची ही वाट २००८ मध्ये रात्तात्झी, रिचकोव्ह, तोन्नी आणि विकी यांच्या पेपराने मोकळी झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले की विषयाचा पोत कळतो, तो कुठल्याही प्रस्तावनेतून कळत नाही.

सुपरसिमेट्रीबद्दल घरचे, मित्र, शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक सगळे एकच विचारतील: एलएचसीत (जिनिव्हाजवळच्या मोठ्या कण-त्वरकात) काही सापडलं नाही ना, मग कशाला? मनाला लावून घेऊ नका. निसर्गात सुपरपार्टनर कण आहेत का हा एक प्रश्न आहे आणि सुपरसिमेट्रीमुळे कोणती गणितं अचूक सुटतात हा दुसरा. आपण बहुतेक वेळ दुसऱ्यात घालवतो. शिवाय द्विमितीय ट्रायक्रिटिकल आयसिंग मॉडेलमध्ये, म्हणजे सेंट्रल चार्ज (द्विमितीय सीएफटीची ओळख सांगणारा आकडा) ७/१० असलेल्या साध्या स्टॅटिस्टिकल मॉडेलमध्ये, सुपरसिमेट्री आपोआपच आहे. स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीची मोजणी केली तीही याच आधारावर: क्षीण कपलिंगला मोजलेली संख्या तीव्र कपलिंगलाही टिकते, कारण सुपरसिमेट्री तिला हलू देत नाही.

आता खड्डा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझे महिने यात गेलेत आणि आठवलं की अजून राग येतो.

फोर-पॉइंट फंक्शनचे आपण कॉन्फॉर्मल ब्लॉकमध्ये (एक ऑपरेटर आणि त्याचे सगळे डेरिव्हेटिव्ह यांच्या एकत्रित वाट्यात) तुकडे करतो. प्रत्येक ऑपरेटरचा एक ब्लॉक आणि त्याच्यापुढे एक गुणक. पण ब्लॉकचं नॉर्मलायझेशन काय असावं, याचा कायदा नाही. डोलन आणि ऑस्बोर्न यांच्या सुरुवातीच्या पेपरांत ब्लॉकमध्ये (−१/२) चा एल-वा घात बसलेला आहे, एल म्हणजे स्पिन. नंतरच्या पुष्कळ पेपरांत तो घात नाही, त्याची भरपाई गुणकात होते. दोन्ही पद्धती बरोबर. चुकतं ते ब्लॉक एका पेपरातून आणि गुणक दुसऱ्यातून उचलल्यावर. मी तेच केलं होतं.

आणि हे लपून राहतं कसं ते बघा. स्पिन ० ला तो घात १ असतो, त्यामुळे स्केलर ऑपरेटरवर केलेली प्रत्येक तपासणी पास होते. चारही स्केलर एकसारखे असतील तर फक्त सम स्पिन येतात, म्हणून ऋण चिन्हही कधी तक्रार करत नाही. स्पिन २ ला मात्र चौपट फरक पडतो, स्पिन ४ ला १६ पट. स्पिन २ वर कोण बसलंय? स्ट्रेस टेन्सर. त्याच्या गुणकातून सी-टी (स्ट्रेस टेन्सरच्या टू-पॉइंट फंक्शनचा आकार) निघतो आणि होलोग्राफीत, म्हणजे वरच्या माल्दासेनाच्या नात्यात, हा सी-टी न्यूटनच्या स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे स्केलरचं सगळं छान जुळतंय आणि तिकडे गुरुत्वाची ताकद चौपट चुकलेली. मी माझ्या कोडमध्ये बग शोधत होते. कोडमध्ये बग नव्हताच.

कागद घ्या, अर्ध्या पानाचं काम आहे. चार मितींतला मुक्त, वस्तुमानरहित स्केलर, मिती १. त्याचं फोर-पॉइंट फंक्शन १ + यू + यू/व्ही (यू आणि व्ही हे चार बिंदूंमधल्या अंतरांचे क्रॉस-रेशो). आयडेंटिटीचा १ सोडला तर यू च्या पहिल्या घाताला उरतं १ + १/व्ही. व्ही = १ − क्ष ठेवा: २ + क्ष + क्ष² + … असं होतं. पहिला ऑपरेटर म्हणजे फाय-वर्ग, मिती २, स्पिन ०. त्याचा ब्लॉक याच पातळीवर १ + क्ष/२ + क्ष²/३ + … असा आहे. गुणक २ घेतला की २ + क्ष + (२/३)क्ष² मिळतं. पहिल्या दोन पदांशी तंतोतंत जुळलं! वही मिटायचा मोह होतो तो इथे. मिटू नका. क्ष² चा १/३ अजून उरलाय आणि तो स्ट्रेस टेन्सरचा आहे. तुमचा स्पिन २ चा ब्लॉक नुसत्या क्ष² ने सुरू होत असेल तर गुणक १/३, त्यात (−१/२) चा वर्ग असेल तर ४/३. समोरच्या पेपराचं सूत्र यांतलं काय देतं, ते बघा. प्रत्येक नवीन पेपर हातात घेतला की मी आधी हेच करते, आणि सी-टी दिसला की तो मुक्त स्केलरच्या सी-टीने भागलाय का तेही बघते (त्रिमितीय आयसिंगला ०.९४६५ दिसलं तर भागलेला आहे).

तयार पॅकेज वापरा, जरूर वापरा, पण ही तपासणी त्यांच्यावरही चालवा. चॅटबॉटला सूत्र विचारणाऱ्यांना तर हात जोडून सांगते: तिथे चार पेपरांची नॉर्मलायझेशन एका ओळीत मिसळून मिळतात आणि दिसायला ओळ सुबक असते.

मोठ्यांचंही अडतं, हा दिलासा. एन = ४ सुपर यांग-मिल्सचा इंडेक्स २००५ मध्ये लिहिला गेला. बोसॉन अधिक, फर्मिऑन उणे अशी ती मोजणी. त्यात इतकी काटछाट होते की ॲडएस-५ (पाच मितींचं ॲडएस अवकाश) मधल्या मोठ्या सुपरसिमेट्रिक कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीला पुरेल एवढी वाढ दिसेना, आणि इंडेक्सला ती कृष्णविवरं दिसतच नाहीत असं बरीच वर्षं धरलं गेलं. २०१८ मध्ये अनेक गटांनी केमिकल पोटेन्शियल कॉम्प्लेक्स घेऊन पाहिले. फेजमुळे काटछाट अडली आणि हवी ती एन-वर्गाची वाढ मिळाली (हा एन गेज ग्रुप एसयू(एन) मधला, एन = ४ मधला नव्हे). २००५ चं गणित चुकीचं नव्हतं, फक्त जिथे उत्तर दिसलं असतं तिथे कोणी बघितलं नव्हतं.

गाइडबद्दल माझी मतं जरा कडवट आहेत. मला एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं, दोनचे गुणक नंतर बघू, आधी चित्र समजून घे. चित्र समजणं त्यांना परवडतं, तुम्हाला नाही. तुमचं नाव ज्या पेपरावर असेल त्यातला प्रत्येक दोन तुमचा. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण फळ्यासमोर तासभर उभा राहून तुमच्याबरोबर चिन्ह शोधणारा गाइड मिळवा. प्रवेश घेण्याआधी त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना वेगळं गाठून एकच विचारा: शेवटचं गणित एकत्र कधी केलं?

फॅशनचं थोडक्यात. २०१९ मध्ये पेज कर्व्हचे (बाष्पीभवन होणाऱ्या कृष्णविवराच्या किरणांची एन्ट्रॉपी आधी वाढून मग कमी होते, त्या वक्राचे) पेपर आले आणि निम्मं जग आयलंड (त्या हिशेबात धरावा लागणारा कृष्णविवराच्या आतला भाग) मोजायला धावलं. ज्यांच्याकडे एन्टँगलमेंट एन्ट्रॉपीचं हत्यार आधीपासून होतं त्यांना फायदा झाला. बाकीचे शिकून तयार होईपर्यंत सोपे प्रश्न संपले होते. आर्काइव्ह या प्रीप्रिंट साइटवरची एचईपी-टीएच (सैद्धांतिक उच्च-ऊर्जा भौतिकी) यादी रोज चाळा, गोषवाऱ्यांपुरतीच, आणि मग आपल्या वहीकडे परत या. सेमिनारमध्ये पहिल्या दहा मिनिटांनंतर काही कळेनासं होणं अगदी नेहमीचं आहे, ते अजूनही होतं.

नोकरीचं गोड बोलून सांगता येत नाही. जागा कमी आहेत, पोस्टडॉकचे अर्ज एका हंगामात ढिगाने पाठवावे लागतात आणि बहुतेक ठिकाणांहून साधं उत्तरही येत नाही. नकाराचा तुमच्या गणिताशी संबंध असतोच असं नाही, कधी त्या गटाला त्या वर्षी फक्त स्ट्रिंग ॲम्प्लिट्यूडवालं कोणीतरी हवं असतं. शिफारसपत्र देणाऱ्यांपैकी एक जण तरी तुमच्या संस्थेबाहेरचा असू द्या, आणि त्याला ऐनवेळी नव्हे, वर्षभर आधीपासून आपलं काम दाखवत राहा. बूटस्ट्रॅप करत असाल तर सेमीडेफिनिट प्रोग्रामिंग (बूटस्ट्रॅपच्या अटी संगणकावर सोडवायची ऑप्टिमायझेशनची पद्धत) आणि मोठ्या क्लस्टरवर कोड चालवणं मनापासून शिका. विषय सोडायची वेळ आली तर त्याला बाहेर मागणी आहे, आणि विषयात राहिलात तर ते काम करायला गटात नेहमीच माणूस कमी असतो.