काळा आजाराचं लायपोसोमल इंजेक्शन लावताना

काळा आजार, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून परजीवी शिरून येणारा ताप, आपल्या कोकणातला नाही, पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचे खलाशी नि आंब्याच्या बागेतले गडी नेपाळच्या तराईतून, बिहारातून येतात, वाळूमाशी चावते तिकडे आणि ताप निघतो इथे. पंधरा दिवस उलटले तरी ताप हटत नाही, पाणथरी (प्लीहा) वाढून हाताला लागते, मलेरिया निगेटिव्ह, अशा वेळी गाव कुठलं ते आधी विचारा आणि आरके39 स्ट्रिप (काळा आजाराची झटपट रक्ततपासणी) करायला डॉक्टरांना सुचवा.

औषध लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, किलोमागे 10 मिलीग्रॅम, एकाच वेळी. लायपोसोम म्हणजे चरबीचा अगदी बारीक फुगा, औषध त्याच्यात बसवलेलं. यकृत-पाणथरीतल्या ज्या पेशी हे फुगे गिळतात त्यांच्यातच हा परजीवी लपलेला असतो, म्हणून औषध नेमकं तिथे पोचतं नि किडनी बरीचशी वाचते. साधं ॲम्फोटेरिसिन वेगळं बरं का!! तो डोस किलोमागे जेमतेम 1 मिलीग्रॅम, साध्याचे 10 गेले तर माणूस जाईल, त्यामुळे व्हायलवर (औषधाच्या बाटलीवर) 'लायपोसोमल' शब्द दोघी नर्सनी मोठ्याने वाचायचा.

50 किलोचा माणूस म्हणजे 50 मिलीग्रॅमच्या 10 व्हायल. प्रत्येकीत 12 मिली स्टराइल वॉटर घालून निदान 30 सेकंद जोरात हलवा, फिकट हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं, गुठळी राहता कामा नये. मग सोबतच्या 5 मायक्रॉन फिल्टरमधून डीफाइव्हमध्ये (5 टक्के ग्लुकोजचं पाणी), एकूण 500 मिली करा, दोन तासांत सोडा. एनएस (नॉर्मल सलाइन, मिठाचं पाणी) अजिबात नको, औषध फाटतं, लाइनसुद्धा डीफाइव्हनेच धुवा. आपल्याकडे कुठल्याही बाटलीला सलाइनच म्हणतात ना, वॉर्डातल्या मामांना "सलाइन आणा" सांगितलं की एनएसच येते, म्हणून बाटली स्वतः बघून घ्या. व्हायल 25 डिग्रीच्या आत ठेवायच्या, मे महिन्यात लाइट गेली की आधी त्यांच्याकडे धाव, पण फ्रीजरमध्ये नको, गोठल्या की वाया.

आधी 1 मिलीग्रॅम 10 मिनिटांत देऊन अर्धा तास बघा. माझ्या एका खलाशाला ड्रिप चालू होताच थंडी भरली, पाठ इतकी दुखायला लागली की पलंगाची दांडी घट्ट धरून बसला होता, ड्रिप थांबवून डॉक्टरांना बोलावलं, मग हळू लावल्यावर निभावलं. रक्तातलं पोटॅशियम नि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते कळतं) आधी आणि नंतर बघाच.

सहा महिन्यांनी परत दाखवायचं, आणि पुढे कधीही अंगावर फिकट चट्टे उठले तरी यायचं, हे पेशंटला हिंदीत कागदावर लिहून द्या, मोसम संपला की तो गावी जाणार.