करड्या ढगांचा थर आला: काढणी, फवारणी आणि रात्रीची थंडी

पीक काढणीला आलंय आणि आभाळ करड्या थराने भरून आलं, की पाऊस येणार का, हाच प्रश्न. थर कशाचा बनलाय हे कळलं तर अंदाज बराच नेमका होतो.

मध्यम उंचीचे हे ढग साधारण 2 ते 7 किलोमीटरवर असतात. वरचा भाग बर्फाच्या स्फटिकांचा, मधे स्फटिक आणि पाण्याच्या थेंबांची मिसळ, तळाशी बहुतांशी थेंबच. यातले बरेच थेंब उणे 10 अंशालाही न गोठता पाणीच राहतात. अशा थेंबांमध्ये स्फटिक आले की थेंबांची वाफ होत जाते, ती स्फटिकांवर साचते आणि ते जड होऊन खाली पडू लागतात. खालची हवा कोरडी असेल तर वाटेतच विरतात. ढगाला लोंबणाऱ्या धूसर रेघा दिसतात, जमिनीवर मात्र थेंब नाही. तेवढ्यासाठी मळणी थांबवू नका. रेघा हळूहळू खाली उतरू लागल्या, तर मात्र खालची हवा ओलावत चालली आहे.

सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा फिकट, आणि आपली सावली पडत नाही, ही या थराची खूण. सूर्याला मोठं खळं असेल तर तो ढग आणखी वरचा, निव्वळ बर्फाचा. आधी खळं, मग फिकट सूर्य, मग सूर्य दिसेनासा आणि ढगाचा तळ खाली, असा क्रम लागला तर संततधारेची तयारी ठेवा: कापलेल्या पेंढ्यांची गंजी लावून ताडपत्री टाका, शेतातले चर मोकळे करा.

फवारणीचं म्हणाल तर सूर्य फिकट का होईना दिसतोय आणि थर दाटत नाही, तोवर हरकत नाही. फक्त ऊन नसल्याने पानं उशिरा सुकतात. औषधाच्या लेबलवर पावसाआधी जेवढा वेळ मोकळा हवा म्हटलंय, तेवढा मिळणार नसेल तर पंप भरूच नका.

रात्री हाच थर पिकाच्या कामी येतो. जमिनीतून निघणारी उष्णता तो काही प्रमाणात परत खाली पाठवतो, म्हणून दवही कमी पडतं. धोका आहे तो मध्यरात्रीनंतर आभाळ निवळलं तर; वारा पडलेला असेल तर पारा झपाट्याने उतरतो. कोवळी रोपं असतील तर संध्याकाळी ढग आहेत म्हणून आच्छादन काढून ठेवू नका.