दोन गिटारांच्या बँडची तयारी : वाटणीच्या वहीपासून साउंडचेकपर्यंत

सांगली-मिरजेतील जुन्या रॉक बँडची अडचण बहुधा सारखीच असते. कार्यक्रम ठरतो तेव्हा एक गिटारवादक नोकरीनिमित्त पुण्यात असतो, दुसरा सांगलीच्या विश्रामबागेत राहून जमेल तशी तालीम करत असतो, मधल्या काळात पहिल्याच्या जागी तिसराच कोणी काही कार्यक्रम वाजवून गेलेला असतो, आणि गाणी मात्र वर्षानुवर्षे तीच असतात. गाणी सर्वांना पाठ असल्यामुळे तालमीत कोणी काही विचारत नाही. प्रत्यक्ष स्टेजवर दोघेही एकच रिफ (गाण्यात पुनःपुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) धरतात आणि मधला नाजूक भाग कोणीच वाजवत नाही. पुढील यादी बसलेल्या गाण्यांतील गिटारची वाटणी नव्याने पक्की करण्यासाठी आहे. तिच्यामागे एक ठाम मत आहे आणि ते आरंभीच सांगणे योग्य होईल : गिटारचा प्रत्येक भाग गाण्याच्या मालकीचा असतो, म्हणून तो कागदावर उतरलेला आणि दुसऱ्याच्या हाती देता येईल इतका स्पष्ट असला पाहिजे.

सर्वांत आधी एक वही घ्यावी आणि प्रत्येक गाण्याला एक पान द्यावे. पानावर सुरुवातीचा रिफ, कडवे, ध्रुवपद, मधला भाग, सोलो आणि शेवट अशा ओळी आखून प्रत्येक ओळीपुढे दोन्ही वादकांसाठी तीन गोष्टी लिहाव्यात : काय वाजवायचे, नेकवर (गिटारच्या दांडीवर) कितव्या फ्रेटच्या (दांडीवरील आडव्या पट्टीच्या) आसपास वाजवायचे आणि कोणत्या पेडलवर (पायाने दाबून आवाज बदलायच्या पेटीवर) वाजवायचे. ‘हा लीड (मुख्य धून), तो रिदम (लयीची साथ)’ एवढे लिहून भागत नाही, कारण एकाच गाण्यात या भूमिका दोन-तीनदा बदलतात आणि गोंधळ नेमका त्या बदलाच्या क्षणी होतो. जेथे काहीच वाजवायचे नाही तेथे ‘गप्प’ असे स्पष्ट लिहावे. मोकळी सोडलेली जागा पाहून उत्साही वादक तेथे हमखास काहीतरी भरतो.

वाटणी कोणत्या पद्धतीने करायची हे ठरवताना दीर्घकाळ टिकलेल्या बँडकडे पाहणे उपयोगी पडते. १९७३ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या एसी/डीसीमध्ये माल्कम यंग यांनी रिदमचा खांब धरला आणि त्यांचे धाकटे भाऊ अँगस यांनी लीड सांभाळला. ही विभागणी इतकी स्वच्छ होती की २०१४ मध्ये माल्कम यांना आजारपणामुळे थांबावे लागले तेव्हा त्यांचे पुतणे स्टीव्ही यंग ते भाग घेऊन उभे राहू शकले. १९८८ च्या दौऱ्यातही त्यांनी काकांची जागा चालवली होती. रोलिंग स्टोन्सची रीत निराळी आहे. कीथ रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स यांनी आरंभापासून एकमेकांत विणलेली गिटार पसंत केली. १९६९ मध्ये मिक टेलर आल्यावर लीड आणि रिदम यांतील अंतर वाढले, आणि १९७५ मध्ये रॉनी वूड आल्यानंतर ती जुनी वीण परतली. आयर्न मेडनमध्ये १९९० साली एड्रियन स्मिथ गेले आणि यानिक गर्स आले. १९९९ मध्ये स्मिथ परतले तेव्हा गर्स यांना जायला न सांगता बँडने तीन गिटारांची मांडणी स्वीकारली.

आपल्यासारख्या बँडने यांतील पहिली पद्धत धरावी, असे माझे मत आहे. विणीची पद्धत फार सुंदर आहे, पण तिच्यासाठी दोघांना आठवड्यात अनेकदा एकत्र बसावे लागते आणि एकाच्या हाताला दुसऱ्याच्या हाताची सवय व्हावी लागते. रविवारी सकाळी पुण्याहून येऊन रात्री परत जाणाऱ्या वादकाकडे तेवढा सहवास नसतो. अशा वेळी भाग ठरलेले असलेले बरे. विणीसाठी एखादे संथ, लांब गाणे राखून ठेवावे आणि बाकीच्या गाण्यांत हौस आवरावी.

मूळ ध्वनिमुद्रण ऐकून भाग वाटून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टुडिओत दोन गिटारवादकांच्या गिटारचे थर दोनच नसतात. मेटॅलिकाच्या ऐंशीच्या दशकातील ध्वनिमुद्रणांत बहुतेक सगळी रिदम गिटार जेम्स हेटफिल्ड यांनी स्वतःच एकावर एक थर देऊन वाजवली आहे आणि कर्क हॅमेट यांचा वाटा मुख्यतः सोलोंचा आहे. स्टेजवर मात्र हॅमेटही रिदम वाजवतात. म्हणून गाणे हेडफोनवर डाव्या आणि उजव्या कानाने वेगवेगळे ऐकावे, ऐकू येणारे सर्व थर वहीत लिहावेत, आणि मग कोणता थर सोडून द्यायचा याचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. गायकाच्या ओळीला उत्तर देणारा थर राखावा. केवळ भरीव वाटावे म्हणून घातलेला थर बेलाशक सोडावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला एक पूर्ण तालीम द्यावी. दोन्ही गिटार एकाच पट्ट्यात, म्हणजे एकाच उंचीच्या स्वरांत, वाजल्या तर कितीही आवाज वाढवला तरी एकच जाड, अस्पष्ट गिटार ऐकू येते. गिटारची सर्वांत खालच्या सुराची तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते आणि बासची सुमारे ४१ हर्ट्झवर, त्यामुळे खालच्या भागात आधीच गर्दी असते. एकाने खालचा पट्टा घेतला की दुसऱ्याने वर जावे. जी, ई मायनर, सी, डी असे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) असलेले साधे गाणे घ्या. पहिल्याने नेहमीचे उघड्या तारांचे कॉर्ड वाजवावेत. दुसऱ्याने सातव्या फ्रेटवर कापो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सी, ए मायनर, एफ, जी या आकारांनी तेच कॉर्ड वाजवावेत. स्वर तेच राहतात, पण दुसऱ्या गिटारचा आवाज मँडोलिनकडे झुकतो आणि दोघे स्वतंत्र ऐकू येतात. कापो नको असेल तर दुसऱ्याने फक्त वरच्या सुराच्या तीन पातळ तारांवर कॉर्ड धरावेत. वहीत कापोचा आकडा लाल शाईने लिहावा, कारण घाईत चुकीच्या फ्रेटवर लागलेला कापो गाण्याच्या पहिल्याच ठोक्याला उघडा पडतो.

डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) असलेल्या गाण्यांत हाच विचार अधिक कठोरपणे करावा लागतो. मिरजेच्या आसपास वाढलेल्यांचे कान स्वरांच्या बाबतीत तयार असतात, त्यांना याचे कारण लगेच कळेल. गिटारच्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो, तर पंचम जेमतेम २ सेंट उतरलेला असतो. स्वच्छ आवाजात हा फरक खपून जातो, परंतु डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर निर्माण होतात आणि गंधाराची ती चूक त्यांत मोठी होऊन घरघरते. म्हणून दोघेही जोरात वाजवत असतील तेथे एकाने केवळ षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड धरावा, आणि गंधार हवाच असेल तर दुसऱ्याने तो वरच्या पट्ट्यात एकटा, कमी डिस्टॉर्शनवर द्यावा.

दोन गिटारांची समांतर धून, म्हणजे एकच चाल दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांत वाजवणे, हा अशा बँडचा मानबिंदू असतो. विशबोन अॅश आणि थिन लिझी या बँडनी सत्तरच्या दशकात ही शैली घराघरांत पोचवली. तिची तयारी करताना दुसऱ्या वादकाने तीच बोटे तीन-चार फ्रेट वर सरकवून चालत नाही. ए मायनर स्केलमध्ये ‘ए’वर ‘सी’ येतो तो तीन फ्रेटच्या अंतराने, ‘सी’वर ‘ई’ येतो तो चार फ्रेटच्या. तार ओढण्याच्या (बोटाने ताणून स्वर चढवण्याच्या) जागी तर अधिक काळजी हवी : खालच्या वादकाने ‘बी’वरून ‘सी’पर्यंत अर्धा स्वर ओढला तर वरच्याला ‘डी’वरून ‘ई’पर्यंत पूर्ण स्वर ओढावा लागतो, आणि दोघांनी एकाच क्षणी पोचायचे असते. हे भाग अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारे यंत्र) बंद ठेवून, समोरासमोर खुर्च्या मांडून बसवावेत. दोघांचे व्हायब्रेटो (स्वराला दिलेले कंपन) एका गतीचे होईपर्यंत एकच लांब स्वर धरून बसावे. यात घालवलेला वेळ कधी वाया जात नाही.

लयीची वाटणी त्या मानाने सोपी आहे. एकजण सतत वाजवत असेल तर दुसऱ्याने तुटक वाजवावे, आणि ड्रमच्या कोणत्या ठोक्याशी कोणाचा हात बांधलेला आहे हे वहीत लिहावे. आमच्या बँडमध्ये गेल्या पावसाळ्यात आलेल्या तरुण वादकाने एका कडव्यापाशी थांबून विचारले, “दादा, इथे मी काय वाजवू?” त्यावर आमचे जुने रिदम वाजवणारे म्हणाले, “पहिल्या दोन ओळी काहीच नको. माझा उजवा हात बघ, तिसऱ्या ओळीला तो वर उचलला की फक्त एक कॉर्ड, आणि तोही लगेच तळव्याने दाब.” त्याने तसे केले आणि गायकाचे शब्द पहिल्यांदाच खोलीच्या टोकापर्यंत स्पष्ट पोचले.

आवाजाचा पोत ठरवताना मिरजेच्या तंबोऱ्यांची आठवण ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्याला येथे त्यांच्या उलट परिणाम साधायचा असतो. गायकाच्या मागची तंबोऱ्याची जोडी अशा रीतीने जुळवलेली असते की एक कोणता आणि दुसरा कोणता हे कळू नये. गिटारच्या जोडीत मात्र श्रोत्याला दोघे ओळखता आले पाहिजेत. त्यासाठी एकाने ब्रिजजवळचा (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) आणि दुसऱ्याने नेकजवळचा पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) घ्यावा, आणि अॅम्पवरील मिड (मधल्या पट्ट्याचा आवाज) दोघांनीही कमी करू नये. घरात एकट्याने वाजवताना मिड उतरवलेला आवाज भारदस्त वाटतो, पण बँडमध्ये तीच गिटार झांजा आणि बासच्या मध्ये हरवते. सोलोसाठी आवाज वाढवणारे एक पेडल दोघांकडेही असावे आणि सोलो संपल्यावर ते बंद करण्याची जागा वहीत खुणेने दाखवावी.

कार्यक्रम गणेशोत्सवाच्या सुमारास असेल तर हवेतील दमटपणामुळे लाकूड फुगते आणि सूर हलतात. नव्या तारा दोन दिवस आधी चढवाव्यात, हाताने ताणून पुनःपुन्हा जुळवाव्यात, आणि दोघांचे ट्यूनर ४४० हर्ट्झवरच असल्याची खात्री करावी. सोबत हार्मोनियम असेल तर आधी तिचा सूर तपासावा, कारण गिटार तिच्याशी जुळवता येते पण तिला गिटारशी जुळवता येत नाही. मांडवात वीज जनरेटरवरून येत असेल तर अर्थिंगविषयी मंडपवाल्याला आधीच विचारावे आणि दोन्ही अॅम्पना एकाच बोर्डावरून वीज घ्यावी. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या विजेमुळे गुणगुण येते. जादा तारा, पिक, केबल आणि पेडलचे अॅडॅप्टर प्रत्येकाने स्वतःचे आणावेत.

उघड्या मैदानावर ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि विशेष सवलतीच्या मोजक्या दिवसांतही मर्यादा मध्यरात्रीची असते. भाषणे लांबली की कात्री आपल्या गाण्यांना लागते. म्हणून कोणते गाणे गाळायचे, कोणता सोलो अर्ध्यावर आणायचा आणि तो खुणावणार कोण, हे आदल्या तालमीतच ठरवावे. खूण करणारा एकच असावा. आमच्याकडे हे काम ड्रमवाल्याकडे आहे, कारण तो दोघांनाही दिसतो.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, वेळ नेहमीच तोकडा असतो. पूर्ण गाणे वाजवण्यापेक्षा समांतर धुनेचा एक तुकडा, सर्वांत जोरकस ध्रुवपद आणि एका सोलोची सुरुवात एवढेच वाजवावे आणि त्या वेळी बँडमधील एकाने प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे. प्रत्येकाच्या मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या वादकाला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) दुसऱ्याची गिटार थोडी अधिक मागून घ्यावी, कारण स्वतःची गिटार मागच्या अॅम्पमधून ऐकू येतेच. आवाज जुळल्यावर अॅम्पच्या बटणांची जागा पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने खूण करून ठेवावी, म्हणजे आधीच्या कलाकारांनी काही हलवले तरी ती परत सापडते.

राहता राहिले ते वहीच्या जपणुकीचे. कार्यक्रमानंतरच्या पहिल्या तालमीत बदललेल्या जागा वहीत दुरुस्त कराव्यात, प्रत्येक वादकाने आपला भाग एकट्याने फोनवर ध्वनिमुद्रित करून गाण्याच्या नावाने जतन करावा, आणि वहीच्या पानांची छायाचित्रे बँडमधील सर्वांकडे असावीत. ज्याची बदली झाली आहे त्यानेही आपले भाग निघण्यापूर्वी याच रीतीने नोंदवून द्यावेत आणि नव्याने येणाऱ्याबरोबर निदान एक तालीम शेजारी बसून करावी.